कोरड्या कुंड्यांचा उन्हाळा

रोहिणी लागली की आमच्या काष्टीच्या घरी येणाऱ्या पाहुण्याची एक छोटी परीक्षा होते आणि बहुतेक पाहुणे तिच्यात नापास होतात. पाहुणा ओट्यावर टेकतो, आतून पाण्याचा पेला येतो, तो अर्धा पितो आणि उरलेलं पाणी कुठे घालावं म्हणून इकडेतिकडे बघतो. आमच्याकडे पेल्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत. जवळचं झाड बघून त्याच्या बुडाशी घालतात. ही सवय इतकी अंगात मुरलेली आहे की विचार न करताच हात वळतो. ओट्याच्या कडेला तीन कुंड्या आहेत. तिन्हींत भेगा पडलेल्या मुरमाड मातीखेरीज काही दिसत नाही. पाहुणा बिचारा पेला तिकडे नेतो आणि खाटेवरून आबांचा आवाज येतो, "तिथं पानी नगं."

आबा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. पण पेला कुठे वाकला ते त्यांना बरोबर दिसतं. दुष्काळात स्वतः विहीर खणणारा माणूस झाडाला पाणी घालू नका म्हणतो, म्हणजे हा वयाचा परिणाम असणार, असा चेहरा करून पाहुणा माझ्याकडे बघतो. मग मी सांगते की कुंड्या रिकाम्या नाहीत. त्यांच्यात अमरकंद आहे, आणि तो झोपलाय.

हे दिवस तसे कुणाला आवडत नाहीत. कांदा चाळीत जाऊन पडलेला असतो, कारखान्याचा भोंगा बंद झालेला असतो, कालव्याचं आवर्तन येणार येणार म्हणून सगळे माना उंचावून बसतात. दुपारी वारा सुटला की लिंबाच्या निंबोळ्या पत्र्यावर टपटपतात आणि भांड्यांवर बारीक धूळ बसते. मला मात्र गेली काही वर्षं हे दिवस आवडू लागलेत. मातीकडे बघत बसायचं, तिच्यात काही नाही असं सगळ्यांना वाटत असताना आपल्याला मात्र माहीत असायचं, यात एक वेगळीच मजा आहे. पण ही मजा फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे एक उन्हाळा आहे आणि त्या उन्हाळ्यातलं माझं एक वाक्य आहे, ते अजून मला टोचतं.

मी विज्ञानाची शिक्षिका. श्रीगोंद्याला बदली होण्याआधी सहा वर्षं अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या शाळेत होते. तोपर्यंत ऑर्किड म्हणजे नगरच्या मंगल कार्यालयात नवरानवरीच्या खुर्च्यांमागे खोचतात ती जांभळी फुलं, एवढंच माझं ज्ञान. शाळेच्या अंगणात एक जुनं जांभळाचं झाड होतं आणि त्याच्या फांदीवर जाड चामडी पानांचे झुबके लटकलेले असायचे. "बघा मुलांनो, हे बांडगूळ. हे झाडाचा रस पिऊन जगतं," असं मी दोन वर्षं खडूच्या हाताने दाखवून शिकवलं. मुलं एकमेकांकडे बघायची. एकदा शाळेची खिचडी करणाऱ्या हौसाबाई चुलीपाशी ते ऐकत होत्या. मुलं जेवायला बसल्यावर त्या मला झाडाखाली घेऊन गेल्या.

"बाई, ह्याची मुळं बगा. पांढरी, करंगळीयेवढी. सालीला नुसती धरून ऱ्हायल्यात. बांडगूळ लाकडात घुसतं, ह्ये घुसत न्हाई. ह्ये कुनाचं खात न्हाई."

मी मूळ बोटाने उचलून बघितलं. खरंच, ते सालीवर नुसतं टेकलेलं होतं. पुढच्या महिन्यात त्याच झुबक्यातून फिकट गुलाबी ठिपक्यांचा भरगच्च घोस खाली लोंबला आणि मुलींनी सांगितलं, "बाई, ही द्रौपदीची वेनी." ते रानातलं ऑर्किड होतं. दोन वर्षं मी एका स्वाभिमानी झाडाला चोर ठरवत होते. दुसऱ्या दिवशी सबंध वर्गापुढे मी माझी चूक सांगितली. पोरं खूश झाली. बाईंची चूक निघण्यासारखा आनंद त्या वयात दुसरा नसतो.

त्यानंतर मी हौसाबाईंची विद्यार्थिनी झाले. जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही मागच्या उतारावर जायचो. अमरकंद मला तिथे पहिल्यांदा भेटला. झाडावर नव्हे, जमिनीवर. आजूबाजूला धड गवतही उगवलेलं नसताना मातीतून हातभर उंच, काठीसारखा सरळ दांडा वर आलेला, आणि त्यावर अंतरा-अंतराने खाली मान घातलेली फुलं. मला वाटलं लिली असेल. मग बाहेरच्या तीन पाकळ्या मोजल्या, आतल्या तीन मोजल्या, आणि आतल्यांपैकी एक बाकीच्यांसारखी नाहीच असं लक्षात आलं. ती पुढे आलेली, फिकट गुलाबी, मधोमध बारीक शिरा उमटलेली. कीटकाला उतरायला मांडून ठेवलेला पाट जणू. सगळ्या ऑर्किडांच्या घराण्याची हीच खूण, त्या पाकळीला ओठ म्हणतात. मी भिंगातून बघत उकिडवी बसले ती पाय बधिर होईपर्यंत उठले नाही. इतक्या दगडधोंड्यात, कुणी न पेरता, कुणी न शिंपता, इतकं निगुतीचं काम कुणी केलं असेल, असं मला वाटत राहिलं. अजूनही वाटतं.

फूल असताना कुणीही ओळखेल. हौसाबाईंची ओळख बाराही महिन्यांची होती. पावसाळ्यात पानांवरून: लांब, उभ्या घड्या पडलेली, इस्त्रीच्या पातळाला निऱ्या घालाव्यात तशी. दिवाळीनंतर ती पिवळी पडतात, संक्रांतीपर्यंत नाहीशी होतात. आणि भर उन्हाळ्यात, जेव्हा उतारावर काहीच नसतं, तेव्हा त्या अनवाणी पायाच्या अंगठ्याने माती चाचपत चालायच्या आणि एका जागी थांबून म्हणायच्या, "हितं हाय." बघावं तर मातीतून नखाएवढं वाळकं बुडखं वर आलेलं. बियांवरून हे झाड आणायचं म्हणजे फार कठीण. बी धुळीसारखं बारीक, त्याच्या पोटात शिदोरीच नसते. मातीतली एक बुरशी त्याला भरवते तेव्हा कुठे ते रुजतं. म्हणून उतारावरचं एकही झाड उपटायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

आणि मग माझ्या बदलीचा कागद आला त्याच उन्हाळ्यात तो उतार विकला गेला. तिथे पर्यटकांसाठी खोल्या होणार होत्या. एका सकाळी खाली रस्त्यावर जेसीबी येऊन उभा राहिला. हौसाबाई टिकाव घेऊन माझ्या आधीच उतारावर पोचल्या होत्या. एरवी झाडाला हात न लावू देणारी ती बाई अंगठ्याने खुणा शोधत भराभर कंद काढत होती. काही त्यांनी शाळेच्या मागे लावले, पण तिथे कुंपण नव्हतं, शेरडं मोकाट. पाच मोठे कंद सागाच्या पानात बांधून त्यांनी माझ्या ओटीत घातले.

"हितली माती बी संगं न्या. पाऊस संपला का त्यो झोपंल. झोपल्याल्याला पानी पाजायचं न्हाई, बाई. आन् जगलं तर माझं दोन कंद माघारी आना. हितलं ऱ्हायलं न्हाई तर तुमच्याकडं तरी आसावं."

मी हो म्हटलं. शिक्षिकेने दिलेला शब्द होता.

काष्टीला आबांनी त्या कंदांचं स्वागत पाहुण्यासारखं केलं. चांगल्या चार कुंड्या काढल्या. पाचवी मिळेना, म्हणून बुडाला चीर गेलेला एक माठ घेतला. "फुटकाच हाय, पर चालंल आज," म्हणाले. पहिल्या पावसाळ्यात पाचही ठिकाणी घड्यांची पानं आली. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "अकोल्याचा हाय. डोंगरातला." पानं गेली तेव्हा मी बजावून सांगितलं की आता जूनपर्यंत पाण्याचा थेंब नको. आबांनी मान डोलावली.

तो उन्हाळा फार वाईट होता. बोअर आटलं, कालव्याचं पाणी लांबलं, टँकर येऊ लागला. घरात प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी ठरलेलं. शाळा आणि सुट्टी लागल्यावर सरकारी कामं, यासाठी मी सकाळी श्रीगोंद्याला जायची ते संध्याकाळी यायची. कुंड्यांवरून नुसती नजर टाकायची. वरची माती कोरडी दिसायची. त्या उन्हात वरची माती तासाभरात कोरडी होते, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला कळायला हवं होतं.

मृग निघाला, कोंब काही दिसेना. मी पहिल्या कुंडीत बोट घातलं आणि ते पहिल्या पेरापर्यंत नव्हे, पार मुळापर्यंत बुडालं. सडक्या बटाट्याचा वास आला. दुसरी कुंडी, तिसरी, चौथी, सगळीकडे तेच. माठात हात घालायचंही त्राण राहिलं नाही. आबा खाटेवर बसून बघत होते.

"आबा, पाणी कुणी घातलं?"

ते म्हणाले, "म्या घातलं. रोज दुपारचं, अर्धा-अर्धा पेला. तान लागली आसंल म्हनलं."

"मी सांगितलं होतं ना, घालू नका म्हणून?"

"माझ्या वाटंचं घातलं. तुमच्यातलं न्हाई घेतलं."

आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. "पाणी घालून घालून मारलंत तुम्ही त्यांना."

आबा उठून आत गेले. मी हात धुतले, वास जाईना म्हणून पुन्हा धुतले, आणि टँकरच्या दिवसांत मीच किती पाणी सांडलं हे लक्षात आल्यावर मला रडू आलं. ज्या मुलखात पाणी देणं हीच माया, तिथे एका म्हाताऱ्या माणसाने स्वतः तहानलेलं राहून माझ्या झाडांवर माया केली होती आणि मी त्यांना खुनी ठरवलं होतं. आमच्या घरात सुना सासऱ्याची माफी तोंडाने मागत नाहीत, चहात साखर जरा सढळ घालतात. मला त्या संध्याकाळी तेवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी पडलं नाही. सासूबाई गेल्यापासून ते आबाच घालायचे. मी वाट पाहिली आणि शेवटी मीच घातलं. पेल्यात पाणी उरलं तर आबा ते पिऊन टाकू लागले, नाहीतर आधीच सांगायचे, "अर्धाच दे." त्या दिवसापासून त्यांनी हाताने कुठल्याच झाडाला पाणी घातलं नाही. नवऱ्याने एकदा विचारलं तर आबा म्हणाले, "मला कळत न्हाई त्यातलं."

श्रावणात एकदा शाळेतून आले तर आबा माठाशी वाकून उभे होते. "सुनंदा, ह्ये तुझंच हाय का गवत?" माठातून पान आलं होतं, बोटाएवढं, पण उभी घडी स्पष्ट. मी विचारलं, "यालाही पाणी घातलं होतं तुम्ही?" ते म्हणाले, "सगळ्यांनाच घातलं. पर ह्याच्यातलं खाली वाहून जायचं. म्हनून ह्याला लई घातलं न्हाई, वाया जातं म्हनून." मग त्यांनी त्या चिरेत बोट घालून बघितलं. "निचरा," ते म्हणाले. "उसाचं बी आसंच हाय की. पानी थांबलं का मूळ कुजतं. मला ठाव हुतं ह्ये, जलमभर ठाव हुतं."

त्यानंतर आबांनी जे केलं ते बघून मला बागकामाची सगळी माहिती फिकी वाटू लागली. चांगल्या कुंड्या उलट्या घालून छिन्नीने त्यांच्या बुडाची भोकं मोठी केली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर बांधावरचा मुरूम, सीताफळाखालचा कुजलेला पाला, आणि प्रत्येक कुंडीत माठातली, म्हणजे हौसाबाईंच्या उताराची, एक एक मूठ माती. कुंड्या सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं लागणार नाही अशा कडेला मांडल्या. पाऊस सुरू असताना पाणी आभाळाचं, उघडीप पडली तर माझ्या हातचं. आबांच्या हातचं कधीच नाही. दसऱ्यानंतर ते खाटेवरून राखण करू लागले. एका कंदाला वर्षाला एक नवा कंद जोडला जातो, आल्याच्या गड्ड्यासारखा. तो सुटा करून आम्ही एकेका कुंडीत लावत गेलो. घाई चालत नाही. दर जूनला पान यायचं, दांडा यायचा नाही, आणि आबा विचारायचे, "औंदा बी न्हाई?" मी म्हणायचे, कंद अजून लहान आहे.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही सगळं उकरून बघितलं. पाच कंद निघाले. त्यातले दोन मुठीएवढे, कडक, फुलावर येतील असे. आणि त्याच आठवड्यात हौसाबाईंचा फोन आला. उतारावर खोल्या झाल्या होत्या. त्यांनी शाळेमागे लावलेले कंद केव्हाच शेरडांनी नि गुरांनी तुडवून संपवले होते. "आता शाळंला तारंचं कुंपन झालंय, बाई. तिथं त्यो आता ऱ्हाईल. माझं हायेत का दोन?"

आहेत, मी म्हटलं.

आणि मी दोन बारके कंद फडक्यात बांधले. लपवून काय करू, मला आबांना फूल दाखवायचं होतं. ज्या माणसाला मी तसं बोलले त्याला त्याच्याच कुंडीत फूल दिसावं, म्हणजे माझं ते वाक्य एकदाचं पुसलं जाईल, असा माझा हिशेब होता. शब्दही पाळला जात होता, दोन म्हणजे दोन. आबांनी गाठोडं हातात मागून घेतलं आणि फडक्यावरून बोटं फिरवली.

"ही बारकी हायेत."

"मोठे ठेवलेत आबा. या वर्षी फूल येईल. तुम्ही बघायचं ना?"

"त्या बाईनं तुला बारकी दिलती का?"

मी गाठोडं सोडलं. मोठे दोन बांधले. निघताना आबांनी एवढंच सांगितलं, की पाण्याची बाटली त्या पिशवीत ठेवू नको, सांडंल. नगर, संगमनेर, अकोले असं एसटी बदलत मी ती पिशवी मांडीवर घेऊन गेले. हौसाबाई थकल्यात, पण अनवाणीच आहेत. कुंपणाच्या आत जांभळाच्या पलीकडे त्यांनी उतार देऊन खड्डे करून ठेवले होते. कंद हातात घेऊन त्यांनी वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाल्या, "चांगलं सांभाळलं तुमी." मी म्हटलं, मी नाही, सासऱ्यांनी सांभाळलं. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

हे लिहायला घेतलं तेव्हा रोहिणी चालू होती. मध्ये लिहिणं राहून गेलं, मृग कोरडा गेला, शाळा उघडल्या. ओट्यावरच्या तीन कुंड्या अजून तशाच आहेत. त्यांतले कंद बारके, यंदा नुसतं पान येईल. काल दुपारी हौसाबाईंचा सुनेच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल आला. आधी नुसता पाऊस दिसला, मग पदर, मग कुंपण, आणि मग तो दांडा. हातभर उंच, सरळ. खाली मान घातलेली सात फुलं, त्यांचे ते फिकट गुलाबी ओठ पावसाने भिजलेले.

मी मोबाईल आबांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला.

"कुठंय?"

"ते मधलं. काठीसारखं."

"व्हय की," ते म्हणाले. "खाली बगतंय." मग मोबाईलमध्ये तोंड घालून त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, "पानी घालता का वो बाई त्याला?"

"मी कशाला घालू, आबा? हितं चार दिस वरूनच वततंय."

आबा हसले. त्यांना असं हसताना मी पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनंदा, पानी दे गं."

मी पेला भरून दिला. नेहमीसारखा अर्धाच भरायचा हे विसरले. आबा अर्धा प्यायले आणि काठी घेऊन पेला सांभाळत उठले. तीन कुंड्यांपाशी ते क्षणभर थांबले. पण ते कुंड्यांना वळसा घालून अंगणात उतरले, तुळशीपाशी गेले आणि उरलेलं पाणी सावकाश, चहूबाजूंनी, थेंब न सांडता तिला घातलं.

मोबाईलवर हौसाबाई विचारत होत्या, "बाई, हायसा का? दिसलं का आबांना?"

"दिसलं," मी म्हटलं, आणि मोबाईल तुळशीकडे वळवला.